क्लायटेम्नेस्ट्रा : एका पतिघातिनीच्या अनेक कथा

ट्रॉयचे युद्ध जिंकून परतलेल्या अ‍ॅगमेम्नॉन राजाची हत्या झाली आणि त्या कटात त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा सामील होती, एवढा भाग प्राचीन ग्रीक साहित्यात कायम राहतो. मात्र प्रत्येक कवी कथेचा आरंभ वेगळ्या ठिकाणी करतो आणि राणीचा अपराध किती मोठा, हे त्यावरच ठरते.

होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात हत्येचा मुख्य सूत्रधार राणीचा प्रियकर ईजिस्थस आहे. तरीही मृतांच्या लोकात अ‍ॅगमेम्नॉनचा आत्मा तिच्यामुळे समस्त स्त्रीजातीला कलंक लागल्याचे सांगतो आणि काव्यनायकाची पतिनिष्ठ पत्नी पेनेलपी हिच्या तुलनेत ती कुलटा ठरते. राजाने आपली मुलगी इफिजिनिया हिचा बळी दिल्याचा उल्लेख या काव्यात नाही, त्यामुळे राणीच्या कृत्यामागे व्यभिचाराखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर आलेल्या ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीत एस्किलसने कथा मागे नेली. ऑलिस बंदरात अडकलेल्या आरमाराला अनुकूल वारा मिळावा म्हणून राजाने आर्टेमिस देवीपुढे मुलीचा बळी दिला होता, म्हणून राणी त्याला स्नानाच्या वेळी वस्त्रात गुरफटवून स्वतःच्या हाताने मारते आणि वृंदासमोर, म्हणजे नगरातील वृद्धांच्या भूमिकेतील गायकसमूहासमोर, त्या हत्येचे निर्भय समर्थन करते. पुढे तिला ठार मारणाऱ्या तिच्या मुलाच्या, ओरेस्टीसच्या, खटल्यात मात्र आई ही खरी जन्मदाती नसून पित्याच्या बीजाचा केवळ सांभाळ करणारी असते, असा युक्तिवाद अपोलो देव करतो आणि मते समसमान पडल्याने मातृघातकी मुलगा सुटतो.

युरिपिडीसच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेल्या ‘ऑलिस येथील इफिजिनिया’ या नाटकात कथा त्याहूनही मागे जाते, कारण अ‍ॅगमेम्नॉनने आपला पहिला पती व तान्हे मूल मारून आपल्याशी बळजबरीने विवाह केला, असे राणी तेथे त्याला सुनावते. विसाव्या शतकात मार्था ग्रॅहम यांच्या १९५८ च्या नृत्यनाट्याने आणि पुढे एकविसाव्या शतकात कोल्म टोबीन यांच्या २०१७ च्या कादंबरीने तिच्या दृष्टीतून ही कथा मांडली.

या पुनर्मांडणीमुळे राणीच्या सूडामागचे कारण समजते, पण ती निर्दोष ठरत नाही. कारण एस्किलसच्या नाटकात राजाबरोबरच, त्याने ट्रॉयहून दासी म्हणून आणलेल्या कॅसँड्रा या निरपराध राजकन्येलाही राणीने मारले आहे, आणि कॅसँड्राचा विसर पाडणारे नवे वाचन जुन्याइतकेच एकांगी ठरेल.