टॅक्सीला सूट, पण बाळाचे काय? परदेशप्रवासात बालआसनाची निवड

गोव्यातील अनेक घरांतील मुले आणि नातवंडे आज लंडन, स्विंडन किंवा लिस्बन येथे स्थायिक आहेत. त्यांच्या भेटीस लहानग्यांसह निघणारी कुटुंबे व्हिसा, तिकिटे आणि उबदार कपडे यांची तयारी महिनाभर आधी करतात. विमानतळापासून घरापर्यंतच्या टॅक्सीचा विचार मात्र बहुधा टॅक्सीचे दार उघडल्यावरच होतो.

ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटीमीटर उंचीचे होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, मोटारीत बालआसन सक्तीचे आहे. टॅक्सीचालकाकडे योग्य आसन नसल्यास मात्र कायदा सूट देतो. तीन वर्षे वा त्याहून मोठ्या मुलाने मागच्या सीटवर मोठ्यांचा पट्टा लावावा. तीन वर्षांखालील मूल मागे पट्ट्याविना बसले तरी तो गुन्हा ठरत नाही. पोर्तुगालमध्येही टॅक्सीला सूट आहे. मूल पुढच्या सीटवर नसावे, एवढीच अट. न्यूयॉर्क शहरात सात वर्षांखालील मूल टॅक्सीत मोठ्यांच्या मांडीवर बसू शकते. प्रत्येक वयाचे आसन प्रत्येक टॅक्सीत बाळगणे चालकाला शक्य नसते, म्हणून ही सवलत आहे. मांडी सुरक्षित आहे, असा तिचा अर्थ नाही.

साधे गणित पाहावे. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलो वजनाच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलोचा भार पेलण्याइतका जोर लागतो. तो कोणत्याही आईच्या हातांत नसतो. आई आणि बाळ दोघांभोवती एकच पट्टा बांधणे तर अधिकच घातक, कारण आईच्या अंगाचा सारा भार बाळावर येतो. गळ्यात अडकवायची कापडी झोळीही अपघातात उपयोगाची नाही.

म्हणून आसन सोबत नेणे हा उत्तम मार्ग. पण दुकानात दिसेल ते उचलून चालत नाही. ब्रिटन व युरोपात आसनावरील चिठ्ठीवर वर्तुळातील ‘ई’ ही मान्यतेची खूण आणि आर४४ किंवा आर१२९ हा नियमक्रमांक असावा लागतो. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक आसनांवर ही खूण आढळते. ती खरेदीपूर्वीच पाहावी. अमेरिकेतील नातलगाने पाठविलेले आसन कितीही भक्कम असले तरी लंडनमध्ये ते कायदेशीर ठरत नाही. ऑस्ट्रेलियाचे मानक आणखी वेगळे आहे. तेथे स्थानिक आसनच भाड्याने घेणे शहाणपणाचे.

दुसरी कसोटी बसविण्याची. घरच्या गाडीसाठी आयसोफिक्सची पकड सोयीची असते. परंतु टॅक्सी कोणती येईल हे ठाऊक नसते. प्रवासासाठी गाडीच्या साध्या तीनबिंदू पट्ट्यानेही बांधता येणारे, वेगळ्या बैठकीवाचून चालणारे हलके आसन घ्यावे. ते निघण्यापूर्वी शेजाऱ्याच्या गाडीत चार वेळा बांधून पाहावे. चालक मीटर चालू करून थांबलेला असताना सूचनापुस्तिका उघडणे कोणालाच मानवत नाही.

तान्ह्या बाळाचे आसन मागे तोंड करूनच बसवावे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते; समोर तोंड असल्यास धक्का मानेवर येतो, मागे तोंड असल्यास तो पाठभर विभागला जातो. आर१२९ नियमानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत हे बंधनकारक आहे. असे आसन चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये.

खरी अडचण एक ते चार वर्षांच्या मुलांची. त्यांना खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणाऱ्या पाच पट्ट्यांचे आसन लागते आणि ते वजनदार असते. येथेच पालक घडीच्या किंवा हवा भरायच्या बूस्टरकडे वळतात. बूस्टर मुलाला केवळ उंच करतो, जेणेकरून मोठ्यांचा पट्टा पोटावर न येता कमरेच्या हाडावर बसेल. दोन वर्षांच्या मुलासाठी तो निरुपयोगी आहे. ब्रिटनमध्ये २०१७ पासून नव्याने मान्यता मिळणारे पाठ नसलेले बूस्टर १२५ सेंटीमीटर उंची आणि २२ किलो वजन ओलांडलेल्या मुलांसाठीच असतात. मोठ्या मुलासाठी पिशवीत मावणारा बूस्टर सोयीचा खरा, पण चिठ्ठीवरील किमान मर्यादा वाचूनच घ्यावा.

ओझे वाहायचे नसेल तर आसनासह टॅक्सी आधीच आरक्षित करता येते. त्या वेळी नुसते ‘बेबी सीट हवी’ असे न सांगता मुलाचे वय, वजन आणि उंची लेखी कळवावी.

आपल्याकडेही २०१९ च्या मोटार वाहन कायदादुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा वा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. परतल्यावर ते आसन माळ्यावर टाकण्याचे कारण नाही.

नाताळात जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. फुगीर जाकिटावरून आवळलेला पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्यासरशी जाकीट दबते आणि पट्टा सैल पडतो. टॅक्सीत बसताच जाकीट काढावे, पट्टा चिमटीत धरता येणार नाही इतका आवळावा आणि मग तेच जाकीट मुलाच्या अंगावर पांघरूण म्हणून घालावे.