दिवस नको, ऊब मोजा

लसूणघासावर पसरलेली पिवळी अमरवेल पाहिलीय ना? ती निदान दिसते तरी. आज मी सांगतोय छुप्या चोराबद्दल, म्हणजे ओरोबँकीबद्दल.

हिच्यात हरितद्रव्यच नाही. धुळीसारखं बारीक बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. मसूर, हरभरा, क्लोव्हर यांच्या मुळांतून झिरपणारं रसायन लागलं की ते रुजतं आणि मुळाला चिकटतं. तुरा जमिनीवर दिसतो, तोवर पिकाचं नुकसान झालेलं असतं.

मग फवारायचं कधी? अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या लाल क्लोव्हरसाठी हनान आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2005 साली एक मॉडेल मांडलं. त्यात दिवस नाही, ऊब मोजतात. रोजच्या सरासरी तापमानातून, ज्याच्या खाली वाढ थांबते ते तापमान वजा करायचं. समजा ते 5 अंश आणि आजची सरासरी 15, तर खात्यात 10 जमा. थंडी लांबली की खातं हळू भरतं. म्हणूनच ‘पेरणीनंतर अमुक दिवसांनी’ हा हिशोब फसतो.

ठरावीक बेरीज झाली की समजायचं, जमिनीखाली चिकटणं सुरू झालंय. पिकाला सोसेल असं तणनाशक तेव्हाच मारायचं. फार आधी मारलं तर वाया, उशिरा मारलं तर पीक गेलं.

पण एक लक्षात ठेवा: हा आकडा प्रत्येक तणाचा, प्रत्येक पिकाचा वेगळा. क्लोव्हरचा आकडा हरभऱ्याला लावू नका. भेटू पुढच्या भागात!