रेवदंड्याच्या आजी

डिमोना, इस्रायल : इथे कोणी वारलं की वस्तीतल्या भिंतींवर काळ्या चौकटीचे कागद लागतात. नाव, दफनाची वेळ आणि सुतकातली मंडळी कुठल्या घरी बसली आहेत तो पत्ता. आमच्या रस्त्यावर नुकत्याच लागलेल्या कागदावर आडनाव हिब्रू लिपीत होतं, पण त्याचा शेवट 'कर' असा होता. रेवदंड्याच्या आजी गेल्या.

यहुदी लोक दफनाला उशीर करत नाहीत, जमलं तर त्याच दिवशी उरकतात. इथे सहसा शवपेटी नसते. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला देह थेट मातीत ठेवतात. नेहमीच्या दफनाचा खर्च सरकारी राष्ट्रीय विमा संस्था उचलते. मुलाने गळ्यापाशी सदरा फाडला आणि प्रार्थना म्हटली. मग सात दिवस घरचे बुटक्या आसनांवर बसले. दार उघडंच. भेटायला येणाऱ्याने आधी बोलायचं नाही, दुःखी माणूस बोलेपर्यंत थांबायचं. दफनानंतरचं पहिलं जेवण घरच्यांनी करायचं नाही, ते शेजाऱ्यांनी आणायचं. खालच्या मजल्यावरच्या मोरोक्कन बाईंनी कुसकुस आणला, पलीकडच्या गल्लीतून वालाचं बिरडं आलं. सांत्वनाची इतकी शहाणी रीत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आजी बेने इस्रायल या कोकणातल्या यहुदी समाजाच्या होत्या. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातली जुनी माणसं या समाजाला 'शनवार तेली' म्हणून ओळखतात. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्यांचा आपण वंश, ही त्यांची परंपरागत कथा. कोकणात त्यांना धर्मावरून कोणी छळलं नाही. तरीही १९४८ नंतर हजारो जण इस्रायलला निघाले, कारण प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या जेरुसलेमचं नाव होतं. त्या काळी सरकार नव्या लोकांना नेगेव वाळवंटातल्या नव्या गावांत धाडत असे. १९५५मध्ये वसवलेलं डिमोना त्यांतलंच. समुद्राकाठी वाढलेल्या आजींनी इथे कापडाच्या कारखान्यात पाळ्या केल्या.

पण खरा घाव पुढेच होता. १९६२मध्ये इथल्या प्रमुख धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना आदेश दिला : बेने इस्रायल वधूवरांच्या आई, आजी, पणजीची शक्य तितकी मागे चौकशी करा. म्हणजे ज्या धर्मासाठी घरदार सोडलं, त्याच धर्माचे आहोत हे सिद्ध करायचं! १९६४च्या उन्हाळ्यात ही साधी, कष्टकरी माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. तान्ह्या लेकीला घेऊन आजीही गेल्या होत्या. ऑगस्टमध्ये संसदेने खास बैठक घेऊन बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत असं जाहीर केलं आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. इस्रायलच्या इतिहासात या धरण्याचं मोल फार मोठं आहे, पण शेजारच्या तरुणांनासुद्धा ते ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

आजींच्या घरात मात्र कोकण शाबूत राहिलं. नववर्षाला, म्हणजे 'नव्याच्या सणाला', गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाचं दूध घालून तासन्‌तास ढवळायचा. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दिवस त्यांच्या बोलीत 'बिरड्याचा सण'. घरात शुभकार्य ठरलं, नातू सैन्यातून सुखरूप परतला, की मलिदा : भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलिया हनाबीचं नाव घेऊन तो वाटायचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला संदेष्टा एलियाने पाऊल ठेवलं अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे, ती इथे वाळवंटातही टिकून आहे. लग्नाआधी हिरव्या बांगड्या आणि मेंदी नसेल तर आजी जेवायच्या नाहीत.

इस्रायलमध्ये आज भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार यहुदी आहेत आणि त्यांत बहुसंख्य बेने इस्रायल. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनीच इथून चालवलं. ते वाचणारे हात आता थकले. आजींच्या नातवंडांना बिरडं आवडतं, मराठी जेमतेम कळतं, देवनागरी मुळीच येत नाही. सुतकाच्या पाचव्या दिवशी थोरल्या नातीने मला विचारलं, आजीचं घर रेवदंड्यात नेमकं कुठे होतं? आजींनी सांगितलेली विहीर आणि माडांची रांग एवढंच तिच्यापाशी आहे.

म्हणून रायगड जिल्ह्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या गावात बेने इस्रायलांचं घर, घाणा किंवा कब्रस्तान असेल, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांची नावं आठवत असतील, तर ते आजच लिहून ठेवा आणि फोटो काढून ठेवा. इथली नातवंडं शोधत येतील, तेव्हा त्यांना घराची जागा दाखवणारं कोणीतरी गावात असलं पाहिजे.