पणजीचा सोऱ्या मुलांच्या हाती

दिवाळीच्या फराळासाठी माळ्यावरून पितळी सोऱ्या खाली उतरला की घरातलं लहान मूल त्याच्याभोवती घुटमळू लागतं. चकतीच्या चांदणीतून चकली कशी पडते, ते त्याला पाहायचं असतं. ‘हात लावू नकोस, पणजीचा आहे,’ असं म्हणून बऱ्याच घरांत त्याला बाजूला सारतात. पणजीचा आहे म्हणूनच तो त्याच्या हाती द्यावा. तळणीपासून दूर बसवून त्याला दांडा फिरवू द्यावा, आजीने कागदावर वेढे घालावेत. पितळेला काय होणार आहे?

त्याआधीचं काम तर मुलांच्या आणखी आवडीचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. हवेमुळे त्यावर काळपट थर चढतो आणि चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं. चिंचेचा कोळ चोळताच झळाळी येते, आणि हा रसायनशास्त्राचा धडा मूल सहसा विसरत नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशाच घरगुती वस्तूंची दालनं आहेत. दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकाची भांडी... दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर त्या जमवल्या, वयाच्या सातव्या वर्षी गेलेल्या आपल्या राजा या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये तो सरकारच्या स्वाधीन केला. पण त्यातला एखादा अडकित्ता कोणाच्या कमरेला असायचा, त्याने सुपारी कातरताना कोण कोणाला काय सांगायचं, हे काचेपलीकडून कळणं कठीण. घरातल्या अडकित्त्याबद्दल ते सांगणारं माणूस अजून शेजारी बसलेलं असतं.

असं सांगण्याचं मोल किती, याचा अभ्यास अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी केला. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडिलांची भेट कशी झाली, असे वीस प्रश्न त्यांनी मुलांना विचारले. ज्यांना घरची माहिती जास्त होती, त्यांचा आत्मसन्मानही अधिक असल्याचं दिसलं. गोष्टींमुळेच तो वाढला, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरी जेवताना गप्पा मारायला एवढं कारण पुरेसं आहे.

उष्टावणाची चांदीची वाटी समारंभानंतर पुन्हा कपाटात जाते. ती रोजच्या वरणभातालाही चालते. काळी पडली तर पुसता येते. बाळाच्या वाळ्यांचे घुंगरू मात्र सैल नाहीत ना, हे पाहावं, कारण ते थेट तोंडात जातात. धड असलेली पैठणी कापू नये. तिची घडी अधूनमधून बदलावी, नाहीतर रेशीम त्याच रेषेवर विरतं. विरलेल्या पैठणीच्या काठपदराचं परकर-पोलकं होतं आणि सुती लुगड्यांची गोधडी. गोधडीखाली झोपलेल्या मुलाने ‘हा तुकडा कुणाचा?’ असं विचारलं, तर उत्तरादाखल एका माणसाची सगळी कहाणी सांगता येते.

एका बाबतीत हयगय नको. तांब्यापितळेच्या भांड्यात आमटी, ताक असं आंबट ठेवायचं असेल तर आतून कल्हई हवीच, तीही शुद्ध कथलाची. जुन्या पितळेत शिसं असू शकतं आणि मुलांना ते जास्त बाधतं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं तापवू नये. भांड्याबद्दल शंका असेल तर ते फुलं ठेवायला वापरावं.

वापरायला काढलेली वस्तू कोणाची, कुठून आली, घरात कोणी आणली, हे मुलालाच त्याच्या अक्षरात वहीत लिहू द्या. आजी-आजोबांना आठवतं आहे, तोवर या दिवाळीतच ही वही सुरू करा.