मोडलेल्या दंडाचे दोन फोटो

मोताळ्याकडे दुचाकीवरून वा झाडावरून पडून दंड मोडलेला माणूस येतो, तो दुखरा हात चांगल्या हाताने छातीशी धरूनच. ‘एकच फोटो काढा अन् सोडा’, हा नातेवाइकांचा आग्रह. पण १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले तेव्हापासून हा फोटो म्हणजे सावलीच आहे. विळा आडवा धरला तर त्याची सावली वाकडी पडते, कडेने धरला तर सरळ काठीसारखी. हाडाचे तसेच. समोरून जुळलेले दिसणारे तुकडे बाजूने पाहिले की पुढेमागे सरकलेले निघतात. म्हणून ९० अंशांतले दोन फोटो हवेत, आणि त्यांत खांदा व कोपर दोन्ही सांधे.

अडचण दुसऱ्या फोटोची. एरवी त्यासाठी हात आत वळवतात. मोडलेला हात वळवला तर फिरतो तो फक्त खालचा तुकडा. वरचा जागीच राहतो. शिवाय मनगट उचलणारी रेडियल नस दंडामागे हाडाला लगटून जाते. म्हणून मी आधी मनगट उचलता येते का पाहतो, आणि हात तसाच ठेवून माणसाला वळवतो.

मोड खांद्याजवळ असेल तर किरण छातीतून आरपार सोडतो. दुखरी बाजू फिल्मकडे, चांगला हात डोक्यावर. एक्सपोजर थोडे लांबवून हळू श्वास घ्यायला सांगतो. हलत्या बरगड्या पुसट होतात, दंड स्पष्ट उमटतो. छातीच्या फोटोला ‘श्वास रोखा’ म्हणणारे आम्ही इथे नेमके उलटे सांगतो!