नाडी किती लवकर उतरते?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस इस्पितळातून घरी आला, की घरातली सगळी मंडळी त्याच्याभोवती पहारा देऊ लागतात. "तुम्ही उठू नका, मी देते पाणी", "जिना अजिबात चढायचा नाही" अशी वाक्ये दिवसभर कानावर पडतात. शाळेतले एखादे सहकारी अशा दुखण्यातून उठून आले, तर आपणही त्यांना खुर्चीवरून हलू देत नाही. भावना खरी असते. समजूत मात्र जुनी आहे. मोडलेला हात जसा झोळीत ठेवतात, तसे दुखावलेल्या हृदयालाही विश्रांतीत ठेवावे, अशी ती समजूत. पण हृदय झोळीत ठेवता येत नाही. आपण दिवसभर अंथरुणावर पडून राहिलो, तरी ते लाखभर वेळा आकुंचन पावतेच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरही अशा रुग्णाला सहा-सहा आठवडे खाटेवरून उतरू देत नसत. मेलेल्या हृत्स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो, हे त्यामागचे कारण. १९५२ साली अमेरिकेत बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना खाटेऐवजी आरामखुर्चीत बसवण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. आज वाचताना हसू येईल, पण त्या काळी खुर्चीसुद्धा धाडसाची होती.

खाटेवरची विश्रांती किती महाग पडते, हे १९६६ साली डॅलस येथे झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. विशीतले पाच निरोगी तरुण तीन आठवडे अंथरुणावर पडून राहिले. कमाल श्रमाच्या वेळी शरीर मिनिटाला जितका ऑक्सिजन वापरू शकते, ते माप त्यांच्यात पाव हिश्श्याहून अधिक उतरले. तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा असे आढळले, की तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या खाटेने केलेल्या घटीपेक्षा कमीच होती.

मग चालण्याने नेमके काय सुधारते? मेलेला हृत्स्नायू तर पुन्हा उगवत नाही. पायांचे स्नायू ऑक्सिजन अधिक चांगला वापरू लागतात, रक्तवाहिन्यांचे अस्तर सुधारते, हे सर्वांना ठाऊक असते. आपण इथे कमी बोलल्या जाणाऱ्या गोष्टीकडे, म्हणजे हृदयाला जाणाऱ्या चेतातंतूंकडे पाहू.

हृदयाचा ठेका हृदयातच तयार होतो. उजव्या वरच्या कप्प्यातील एक लहानशी गाठ तो देते. तिला कोणी काही सांगितले नाही, तर तरुण माणसात ती मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. दुसऱ्याचे हृदय बसवलेल्या रुग्णात हे स्पष्ट दिसते. शस्त्रक्रियेत चेतातंतू तुटलेले असतात, म्हणून ते हृदय निवांत बसल्या वेळीही ९० ते १०० च्या आसपास चालते. मग आपली नाडी सत्तर कशी? कारण मेंदूतून निघालेली व्हेगस ही चेता हृदयाला सतत मागे ओढत असते. उतारावरून सायकल ब्रेक किंचित दाबून चालवावी, तसे हे आहे. पायडल मारण्याचे काम दुसऱ्या, अनुकंपी चेतांचे.

हा ब्रेक कसा लागतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवले. एका हृदयाची व्हेगस उत्तेजित केली, ते मंदावले. त्याच्याभोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयाला दिले, तर तेही मंदावले. म्हणजे चेतेच्या टोकाशी एखादे रसायन सुटत असले पाहिजे. ते ॲसिटिलकोलीन होते. या प्रयोगाची कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली, असे लोवी सांगत. पहिल्या रात्री खरडलेले टिपण सकाळी त्यांना वाचता येईना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडले, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना हेन्री डेल यांच्यासह मिळाले.

झटक्याने हृदयाचा एक भाग मरतो, तेव्हा त्यातून पुढे जाणारे चेतातंतूही मरतात. त्यामुळे पलीकडचा जिवंत स्नायूसुद्धा काही काळ चेतांविना राहतो. पुढे तंतू पुन्हा फुटतात, पण कुठे दाट तर कुठे विरळ, आणि या विषमतेतून हृदयाची लय बिघडू शकते. शिवाय संकट ओळखून शरीर अनुकंपी चेतांचा जोर वाढवते. ब्रेक सैल, पायडल जोरात अशी ती अवस्था होते.

निरोगी हृदय घड्याळासारखे एकसारखे चालत नाही. श्वास घेताना ठोके थोडे जवळ येतात, सोडताना लांबतात. ही लवचीकता मुख्यतः व्हेगसची खूण आहे. १९८७ साली अमेरिकेत ८०८ रुग्णांच्या झटक्यानंतरच्या चोवीस तासांच्या हृदयालेखांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या ठोक्यांतील अंतर सर्वांत कमी बदलत होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक बदल असलेल्यांच्या सुमारे पाच पट होते. दुसरी खूण आणखी सोपी आहे. श्रम थांबले, की पहिल्या मिनिटात नाडी झपाट्याने उतरते, कारण व्हेगसचा ब्रेक पुन्हा लागतो. क्लीव्हलँड येथील १९९९ च्या अभ्यासात ज्यांची नाडी या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात पुढील सहा वर्षांत मृत्यू लक्षणीयरीत्या अधिक आढळले.

आता व्यायामाकडे येऊ. एरोबिक व्यायाम म्हणजे स्नायूंना लागणारा ऑक्सिजन श्वासावाटे पुरत राहील, अशा बेताने बराच वेळ केलेला व्यायाम. भरभर चालणे हे त्याचे सर्वांत स्वस्त उदाहरण. काही आठवडे असे चालल्यावर तेवढ्याच कामाला नाडी कमी वाढते आणि श्रमानंतर लवकर उतरते. मानेतल्या मोठ्या रोहिण्यांत रक्तदाब जाणणारी चेताटोके असतात. दाब चढला की ठोके मंद करण्याचा त्यांचा प्रतिसादही तल्लख होतो. १९८४ साली बिलमन, श्वार्ट्झ आणि स्टोन यांनी झटक्यातून वाचलेल्या, पण प्राणघातक लयीचा धोका असलेल्या कुत्र्यांना सहा आठवडे रोज फिरत्या पट्ट्यावर पळवले. पुन्हा तीच कठीण चाचणी घेतली, तेव्हा बहुतेक कुत्री त्यातून तरली. यात ब्रेक घट्ट झाल्याचा वाटा किती आणि पायडल हलके झाल्याचा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. माणसांतील अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या, तर व्यायामावर आधारलेल्या उपचाराने हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा इस्पितळात जावे लागणे कमी होते. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या असतात. चालणे हा त्यांचा पर्याय नव्हे.

आपल्याकडे योग पुढे येणे साहजिकच. भारतातील २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. योगाच्या गटात पुन्हा झटका येण्याचे वा मृत्यूचे प्रमाण निर्णायकपणे घटल्याचे दिसले नाही. आपली प्रकृती सुधारली, असे मात्र त्यांनी अधिक सांगितले, आणि पूर्वीच्या कामांकडेही ते अधिक चांगले परतले.

रुग्णाने सुरुवात करायची ती डॉक्टरांच्या तपासणीनंतर, सपाट जागी, पाच-दहा मिनिटांनी. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत वेग पुरे. वयावरून नाडीची मर्यादा काढण्याचे सूत्र इथे लावू नये, कारण यांपैकी बऱ्याच जणांना बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतात आणि त्या नाडी मुळातच दाबून ठेवतात. थांबताना एकदम थांबू नये. छाती आवळली किंवा चक्कर आली, तर तिथेच बसावे आणि मदत मागावी.

वर्गात हे करून पाहता येईल. एखादा आजार असलेल्या मुलांना वेळ मोजण्याचे काम द्यावे. इतरांनी तर्जनी आणि मधले बोट मनगटावर ठेवून १५ सेकंद नाडी मोजावी व चाराने गुणावे. मग तीन मिनिटे पायरी चढ-उतार करावी, थांबताच नाडी मोजावी आणि बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजावी. वर दिलेला १२ चा आकडा इस्पितळातील पट्ट्यावरच्या चाचणीचा आहे. तो वर्गातल्या कोणालाही लावू नये, नाहीतर एखादे मूल रडत घरी जाईल. महिनाभर रोज अर्धा तास भरभर चालून तोच प्रयोग पुन्हा करावा आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढावेत. एक आलेख शिक्षकांचाही असू द्यावा.