दुसऱ्या काट्यावर वजन करा!

त्या दिवशी चतुर्थी होती. चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीने मला मोबाईल दाखवला. "ताई, पाहा तरी!" तिने शेअर बाजारात साठ हजार रुपये गुंतवले होते आणि पडद्यावर एक लाख नव्वद हजार दिसत होते. कापूस विकून आलेले ते पैसे. मुलीला यवतमाळला नर्सिंगला घालायचं म्हणून बाजूला ठेवलेले. मी काय केलं असेल? तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "वा गं, पक्की व्यापारी झालीस की!"

एकही प्रश्न विचारला नाही. आज त्याचंच वाईट वाटतं.

महिन्याभराने ती घरी आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "ताई, पैसे दिसून राहिले, पण निघून नाही राहिले." पैसे काढायचे तर आधी वीस टक्के कर भरा, म्हणजे अडतीस हजार, असा निरोप आला होता. तेवढं कर्ज तिला गटातून हवं होतं!

मग आम्ही दोघी नीट पाहायला बसलो. व्हॉट्सअॅपवरच्या एका ग्रुपमधून आलेल्या लिंकवरून तिने ते अॅप घेतलं होतं. वर एका नामांकित कंपनीचं नाव आणि चिन्ह होतं. पैसे मात्र गेले होते परराज्यातल्या कुणा एका माणसाच्या बँक खात्यात. खरा दलाल ग्राहकाचे पैसे असे कुणाच्या खासगी खात्यात घेत नाही. आणि पैसे काढण्याआधी कर भरा असंही म्हणत नाही. शेअरच्या नफ्यावरचा कर आपण सरकारला भरायचा असतो. त्या अॅपवरचा नफा म्हणजे नुसते रंगवलेले आकडे होते. आम्ही लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला आणि पोलिस ठाण्यात तक्रार दिली. पैसे अजून परत आलेले नाहीत.

मैत्रिणींनो, शेअर बाजार वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण एक सांगा, आपल्याकडे कापसाची गाडी व्यापाऱ्याच्या दारात नेण्याआधी शहाणा शेतकरी काय करतो? दुसऱ्या काट्यावर वजन करून घेतो. जो माल घेणार, त्याच्याच काट्यावर विसंबत नाही. इथेही तेच करायचं. दलालाची खात्री दलालाच्या अॅपवर करायची नाही.

पहिलं वजन सेबीच्या काट्यावर. शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी ही सरकारी संस्था. प्रत्येक दलालाला तिथे नोंदणी करावीच लागते आणि त्याचा क्रमांक 'आयएनझेड' या अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर तो स्वतः शोधून पाहा. पण क्रमांक जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण ठग खऱ्या कंपनीचं नाव आणि क्रमांकही चोरतात. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या सदस्यांच्या यादीत त्या कंपनीचा पत्ता, फोन असतो. त्यावर फोन करून विचारा, "हे अॅप तुमचंच का?"

दुसरं वजन पैसे पाठवताना. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने 'सेबी चेक' नावाची सोय सुरू केली आहे. त्यात दलालाचं बँक खातं किंवा यूपीआय आयडी खरा की खोटा, ते तपासता येतं. खऱ्या दलालाच्या नव्या यूपीआय आयडीत 'अॅट' चिन्हानंतर 'व्हॅलिड' हा इंग्रजी शब्द असतो. आणि रोख रक्कम कुणाच्याही हातात द्यायची नाही, मग तो भाचा असो की भाऊजी.

तिसरं वजन सगळ्यात महत्त्वाचं, कारण नोंदणी असलेला दलालही चुकू शकतो. हैदराबादच्या कार्वी या मोठ्या कंपनीचं उदाहरण घ्या. तिने ग्राहकांचे शेअर्स परस्पर गहाण ठेवून कर्जं उचलली. सेबीने २२ नोव्हेंबर २०१९ ला तिला नवे ग्राहक घ्यायला बंदी केली. ऐंशी हजारांहून जास्त ग्राहकांचे शेअर्स पुढे त्यांच्या खात्यात परत आले, पण तोवर कितीजणांची झोप उडाली असेल! शेअर्स खरे जमा असतात ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांकडे. त्या आपल्या खात्याचा उतारा थेट आपल्याला पाठवतात. दलालाच्या अॅपवर जे दिसतं ते या उताऱ्यातही आहे ना, हे दर वेळी ताडून पाहा. सातबारा पाहतो ना आपण, तसंच!

आता गंमत पाहा. हा उतारा आणि शेअर्स खात्यातून गेल्याचे संदेश येतात कुठे? खातं उघडताना दिलेल्या मोबाईलवर आणि ई-मेलवर. आपल्यातल्या किती जणींनी तिथे नवऱ्याचा, नाहीतर खातं उघडून देणाऱ्या पोराचाच नंबर दिलेला असतो! खातं आपल्या नावाचं, पण खबर दुसऱ्याला. तेव्हा नंबर आपलाच द्या. कार्वी प्रकरणानंतर, सप्टेंबर २०२० पासून, शेअर्स गहाण ठेवायला मालकाचा ओटीपी लागतो. तो कुणालाही सांगू नका. फॉर्ममध्ये 'फ्युचर्स-ऑप्शन्स'ची खूण कुणी परस्पर केली नाही ना, तेही पाहा. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात या व्यवहारांत शंभरातल्या त्र्याण्णव जणांना तोटाच झालेला दिसला. खऱ्या दलालाविरुद्ध तक्रार असेल तर सेबीचं 'स्कोअर्स' पोर्टल आहे.

राहिली माझी मैत्रीण. गटाच्या बैठकीत तिने सगळं सगळ्यांसमोर सांगितलं. रडली, पण सांगितलं. त्या 'करा'साठी आम्ही तिला एक पैसा दिला नाही. मुलीच्या फीसाठी मात्र कर्ज मंजूर केलं, एकमताने. पोरगी आता यवतमाळला शिकते आहे.

आणि हो, आता कुणी मला मोबाईलवर नफा दाखवला की मी पाठीवर थाप मारत नाही. आधी विचारते, "बाई, दुसऱ्या काट्यावर वजन केलंस का?"